रघुअण्णांचा हळू कॉम्प्युटर

रघुअण्णांना दूधवाल्यासाठी चिठ्ठी लिहायची असली तरी ते आधी पेन्सिलीला टोक करत. मग कागदावर दोन फिक्या रेघा ओढत आणि त्या रेघांच्या मधे एकाच उंचीची, एकसारखी तिरपी अक्षरं बसवत. मजकूर एवढाच की उद्या अर्धा लिटर जास्त. दूधवाल्याला वाचता येत नव्हतं, पण त्यातल्या काही चिठ्ठ्या त्याने सायकलच्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत, असं वसुअक्का कौतुकाने सांगायच्या. "आणि माझी चिठ्ठी? तिने तो कॅनचं झाकण पुसतो," हेही त्या पुढे जोडायच्याच.

रघुपती राव आणि वसुमती हे आमचे घरमालक. १९९५ च्या उन्हाळ्यात मी आणि माझा नवरा सुशांत पुण्याहून नोकरीसाठी बंगलोरला आलो आणि येलहंक्याला त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. घर दाखवताना त्यांनी आमचा पगार विचारला नाही, खाणंपिणं विचारलं नाही. "घरात मराठी बोलतां ना?" एवढंच विचारलं. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इकडचंच झालं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं आणि ती ऐकून पहिले आठ दिवस मला हसू आवरायचं नाही. माझी पुणेरी ऐकून त्यांनाही आवरत नसणार, पण ती माणसं सभ्य होती.

अण्णा एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मिसरूड फुटायच्या वयात लागले आणि केस पिकेपर्यंत त्याच ड्रॉइंग बोर्डापाशी उभे राहिले. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले. ड्रॉइंग ऑफिसातले बोर्ड भंगारात निघाले आणि बोर्डापाशी उभ्या राहणाऱ्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. यातली स्वेच्छा नेमकी कुणाची, असं अण्णांनी कधी विचारलं नाही. त्यांच्या वतीने राग मलाच यायचा. अण्णांनी फक्त साहेबांची परवानगी काढून आपला टी-स्क्वेअर, गुण्या आणि कंपासपेटी घरी आणली, आणि हॉलच्या एका कोपऱ्यात मांडून ठेवली. रोज सकाळी आंघोळ झाली की ती फडक्याने पुसायची. पुसून झाली की दुसरं काही काम नसायचं.

अशात येसाजी आला. हा त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्याने पुढे नोकरी सोडून आनेकलच्या बाजूला स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं होतं आणि ते चांगलं चाललं होतं. तो अण्णांना मास्तर म्हणायचा, आल्यावर आणि जाताना पाया पडायचा. त्याची अडचण अशी की गिऱ्हाइकं आता कागदावरची ड्रॉइंग्ज घेत नव्हती, फ्लॉपीवर मागत होती.

"मास्तर, तुम्हीच करा की," तो म्हणाला. "कागदावरच्या ड्रॉइंग्जचा एक संच देतो, संक्रांतीपर्यंत कॉम्प्युटरवर करून बघा. जमलं म्हणजे माझं सगळं ड्रॉइंगचं काम तुमच्याकडे. नाही जमलं तर क्लासातून शिकलेलं कुणी तरी मला ठेवावं लागेल. गिऱ्हाईक थांबत नाही."

प्रश्न पैशाचा नव्हता. घर स्वतःचं होतं, मुलगी सौम्या लग्न होऊन म्हैसूरला सुखात होती, वरून आमचं भाडं येत होतं. पण कुणी "आता काय करता?" असं विचारलं की अण्णा गडबडायचे. आपण अजून ड्राफ्ट्समन आहोत की नाही, याचं उत्तर त्यांना येसाजीच्या त्या संचातून मिळणार होतं. तसं ते मला बोलूनही गेले होते. "हे जमलं म्हणजे मी आहे ग मुग्धा. नाहीतर नुसता घरमालक."

मल्लेश्वरमच्या एका क्लासात जाऊन ते कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग शिकले. तिथे तिघांत मिळून एक कॉम्प्युटर, आणि की-बोर्ड कायम कॉलेजच्या मुलांच्या हातात. अण्णा मागे बसून बघत आणि सगळं आपल्या सुंदर अक्षरात उतरवून घेत. परीक्षेत ते पहिले आले. परीक्षा लेखी होती.

मग त्यांनी एक सेकंडहँड फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर पसंत केला. दुकानात तो असा पळत होता की अण्णा घरी येऊन मला हातवारे करून सांगत होते. वर्तुळ म्हणायच्या आत वर्तुळ! पण तो घरी आला नवरात्राच्या तोंडावर, आणि वसुअक्कांनी तो चादरीखाली झाकून ठेवला. आयुधपूजा झाल्याशिवाय नव्या यंत्राला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. अण्णांनीही मान डोलावली. त्यांच्या घराण्यात खंडेनवमीला एके काळी तलवारी पूजत. तलवारी कधीच्या गेल्या, पण टी-स्क्वेअर आणि कंपास पाटावर मांडल्याशिवाय अण्णा त्या दिवशी जेवत नसत.

पूजेला आम्हीही खाली होतो. दारात केळीचे खुंट, सुशांतच्या स्कूटरला झेंडूची माळ, आणि पाटावर कंपासपेटीच्या शेजारी कॉम्प्युटर. अक्कांनी पडद्याला गंध लावलं, की-बोर्डला लावलं, कॉम्प्युटरच्या पेटीला लावलं, पेटीवरच्या एकेका बटणाला हळदीकुंकू लावलं. घट्ट बसावं म्हणून अंगठ्याने नीट दाबून लावलं. मग अण्णांनी दारात कोहळा फोडला. चुरमुरे आणि डाळं वाटली. पुण्यात कॉम्प्युटरची एवढी बडदास्त मी कधी पाहिली नव्हती. मी थट्टा केली, तर अक्का म्हणाल्या, "हसू नको. पोटाला देणारं यंत्र आहे ते."

दसऱ्याला सकाळी अण्णा नवा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसले. आणि कॉम्प्युटर चालेना. म्हणजे चालू झाला, पण चालेना. एक रेघ ओढली की पडदा विचारात पडायचा. ड्रॉइंग जरा मोठं करून बघायचं म्हटलं की होतं ते सगळं पुसलं जायचं आणि पहिल्यापासून एकेक रेघ पुन्हा उमटत यायची. तेवढ्यात अण्णा आत जाऊन कॉफी पिऊन यायचे. परत येऊन बघावं तर अजून उजवा कोपरा यायचा असायचा. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, माझ्याकडे पळत होता.

मी कॉम्प्युटरमध्ये नोकरी करते म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी ऑफिसात परदेशातल्या एका बँकेच्या जुन्या प्रोग्रॅमची डागडुजी करायचे. कॉम्प्युटरची पेटी उघडलेली मी जन्मात पाहिली नव्हती. पण हे लोकांना पटत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला गुडघा दाखवावा तसा प्रकार. आणि मीही पुण्याची, मला येत नाही असं म्हणणं जिवावर येतं. मी बाह्या सरसावल्या.

आधीच्या मालकाचे गेम होते, ते काढून टाकले. नको त्या फायली पुसल्या. मग डिस्कची आवराआवर करणारा प्रोग्रॅम लावला. पडद्यावर छोटे छोटे चौकोन एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवले जात होते. ते अक्कांना फार आवडलं. त्या शेंगा सोलत समोर बसून राहिल्या. "बघा, कसं नीट लावतंय. तुमच्या कपाटापेक्षा बरं," असं अण्णांना म्हणाल्या. आवराआवर संपली आणि कॉम्प्युटर होता तिथेच राहिला.

मी ऑफिसात चार लोकांना विचारलं. चौघांनी चार गोष्टी सांगितल्या आणि मी चारही करून पाहिल्या. त्यातल्या एका गोष्टीने कॉम्प्युटर चालूच होईना, तेव्हा अण्णांचा चेहरा बघवत नव्हता. रात्रभर मला झोप नाही. सकाळी सुशांतने ते कसंबसं पूर्ववत केलं आणि "आता तू हात लावू नकोस" असं मला बजावलं. समोरच्या बाई येऊन म्हणाल्या, दक्षिणेकडे तोंड करून बसल्यावर काय होणार? म्हणून टेबल फिरवून पूर्वेला केलं. आता अण्णांच्या डोळ्यांवर सकाळचं ऊन यायचं, बाकी फरक नाही.

शेवटी एस. पी. रोडवरून एक रिपेअरवाला आणला. त्याने पेटी उघडून धूळ फुंकली आणि मेमरी वाढवा म्हणाला. वाढवली. केसभर फरक पडल्यासारखं वाटलं, तेही कदाचित आमच्या मनाचं समाधान. पेटी बंद करताना त्याने फडकं घेऊन पुढची बाजू पुसायला हात नेला, तशा अक्का स्वयंपाकघरातून धावत आल्या. "ओरेसबेडी! पुसू नका!" पूजेचं कुंकू कुणी पुसतं का? ते आपोआप पडेल तेव्हा पडेल. अण्णाही म्हणाले, "असू दे ते." रिपेअरवाला इकडचाच, त्यालाही ते बरोबर वाटलं. त्याने फडकं खिशात घातलं.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, थंडी पडली. अण्णा रोज सकाळी बसत आणि दुपारी मान चोळत उठत. एक शीट पूर्ण झालं होतं, दुसऱ्याची नुसती चौकट. येसाजीचा संच जाडजूड होता. मी ऑफिसातून आले की ते गेटपाशी उभे असायचे. "हात तयार आहे ग माझा," असं म्हणून हात पुढे करून दाखवायचे. "हे यंत्रच उठत नाही." मी म्हणायचे, "होय अण्णा, यंत्रातच काही तरी आहे." माझी खात्रीच होती.

येसाजीचा फोन आला की अण्णा उभं राहून बोलायचे. काय बोलणं व्हायचं ते आम्हाला एकाच बाजूने ऐकू यायचं. "नाही रे, स्वल्प हळू आहे यंत्र... होय, बघतोय... सरी, सरी, ठीक आहे." शेवटच्या फोननंतर म्हणाले, "संक्रांत झाल्यावर रविवारी येतो म्हणाला. काय झालंय ते बघून ठरवतो म्हणाला." आणि तसेच फोनपाशी उभे राहिले.

संक्रांतीला थोडे दिवस राहिले असताना मी तिळगूळ करायला खाली गेले होते. अण्णा पडद्याकडे बघत, हात मांडीवर ठेवून बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. थंडीत हवा कोरडी झाली होती आणि पेटीवरच्या बटणांचं कुंकू सुकून त्याचे पापुद्रे पडत होते. मधल्या बटणाखालचा पापुद्रा नुकताच गळला होता आणि खाली इंग्रजी अक्षरं दिसत होती. टर्बो. शेजारी एक बारकासा दिवा, विझलेला. हे बटण बाकीच्या बटणांपेक्षा थोडं बाहेर आलेलं होतं.

मी ते दाबलं. टक् झालं. पिवळा दिवा लागला. आणि पडद्यावर अर्धवट उमटलेलं ड्रॉइंग एका दमात पुरं झालं.

मग अण्णांनी ड्रॉइंग मोठं केलं, लगेच झालं. लहान केलं, लगेच झालं. त्यांनी चक्क टाळी वाजवली. अक्का बाहेर आल्या. मी सांगितलं, की हे बटण यंत्राला पळवण्यासाठी असतं, आणि पूजेच्या वेळी अंगठ्याने दाबलं गेलं म्हणून ते बंद झालं होतं. अक्कांनी तोंडावर हात घेतला. "अय्यो! म्हणजे मी ग? एवढे महिने मीच?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा मात्र हसत सुटले. "तुझा अंगठा केवढा जड आहे हे मला लग्नापासून माहीत आहे," म्हणाले. त्या संध्याकाळी अक्कांनी केशरीभात केला. मी इतकी खूश होते की तीनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज विचारायचे, "काय अण्णा, पळतंय ना?" ते म्हणायचे, "पळतंय, पळतंय." ते गेटपाशी उभे राहीनासे झाले आहेत, हे माझ्या उशिराच लक्षात आलं.

संक्रांतीला मला सुटी होती. मी तिळगूळ द्यायला खाली गेले. अण्णा कामात होते आणि त्यांनी मला पाहिलं नाही. पडद्याच्या तळाशी पुढचा हुकूम मागणारी खूण लुकलुकत होती. अण्णांनी क्लासातले कागद चाळले. हवं ते सापडल्यावर चष्मा कपाळावर सरकवून की-बोर्डवर एक अक्षर शोधायला लागले. बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर फिरत राहिलं. अक्षर सापडलं. मग माउस धरला. ज्या हाताने जन्मभर केसाएवढी रेघ मारली तो हात त्या प्लॅस्टिकच्या डबीवर थरथरत होता. बाण रेघेच्या टोकाशी न्यायचा आणि टोकाच्या पुढे जायचा. मागे आणला की फार मागे यायचा. बटण दाबलं ते भलत्याच जागी. ती रेघ पुसून पुन्हा पहिल्यापासून.

आधी यंत्र अडून बसायचं तेव्हा हे सगळं त्या वेळात मावून जात होतं. कागद शोधणं, चष्मा पुसणं, थरथर थांबेपर्यंत हात मांडीवर ठेवणं, यातलं काहीच आम्हाला दिसलं नव्हतं. मला वाटतं त्यांनाही दिसलं नव्हतं. आता यंत्र तयार होतं आणि अण्णांची वाट बघत होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी तिळगुळाची वाटी तशीच धरून उभी राहिले.

मग मी शहाणपणा केला. सोप्या युक्त्या शिकवते म्हणून शेजारी खुर्ची ओढली. हे दाबलं की ते होतं, ते दाबलं की हे होतं. मी भराभर सांगत गेले. अण्णांचे कान लाल झाले. "स्वल्प हळू," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "बेड, नको. आज राहू दे." मी उठले. ते मला कधी नको म्हणाले नव्हते.

शनिवारी संध्याकाळी अण्णा जिना चढून आमच्याकडे आले. घर त्यांचं असून ते कधी वर येत नसत, भाडेकरूच्या दारात उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून. सुशांत घरी नव्हता. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"उद्या येसाजी येतोय," ते म्हणाले. "ते बटण परत होतं तसं करून दे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, असं कसं? त्याला सरळ सांगा ना, आणखी वेळ हवा म्हणून. सवय झाली की हात बसेल."

"किती दिवसांत बसेल? सांग की."

मी पुन्हा खुर्ची पुढे केली.

"त्याने मला बोर्डापाशी पाहिलंय ग," अण्णा म्हणाले. "शाईने इंकिंग कसं करायचं ते त्याला मी शिकवलं. यंत्र वाईट आहे म्हटलं तर तो दुसऱ्या कुणाला काम देईल आणि मला नमस्कार करून जाईल. तेवढं झालं की पुरे."

"मग तुम्हीच दाबा की ते."

"माझ्याने होत नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्यामागून खाली गेले. अक्का दारात फुलं निवडत बसल्या होत्या. आम्ही का आलोय ते त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांनी मान वर केली नाही. मी बटण दाबलं. टक् झालं आणि दिवा विझला.

रविवारी येसाजी ऊस, तीळ आणि गूळ घेऊन आला. अण्णांच्या पाया पडला, अक्कांच्या पाया पडला. मला अण्णांनी बोलावून घेतलं होतं, यंत्राबद्दल काही विचारलं तर उत्तर द्यायला. अण्णांनी ड्रॉइंग उघडलं. पडद्यावर एकेक रेघ उमटायला लागली. येसाजी हात बांधून मास्तरांच्या खुर्चीमागे उभा राहिला. उजवा कोपरा येईपर्यंत तो बघत राहिला.

"अय्यो मास्तर," तो मग म्हणाला, "या डबड्यावर काम करत होता तुम्ही?"

"काय करायचं," अण्णा म्हणाले. "पुष्कळ उपाय करून झाले. विचार हिला."

येसाजीने माझ्याकडे पाहिलं. "होय," मी म्हटलं. "यंत्रच जुनं आहे." खोटं बोलायला मला अजिबात त्रास झाला नाही.

अण्णांनी ते एक पुरं झालेलं, बाहेरून छापून आणलेलं शीट त्याच्या हातात दिलं. येसाजीने ते खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ बघितलं. मापं, बाण, अक्षरं, एकही चूक नव्हती. कारखान्यात पाठवावं असंच होतं ते. त्याने कागद कपाळाला लावला, तेव्हा अण्णांचे खांदे सैल पडलेले मला दिसले. झालं, आता हा नमस्कार करेल आणि जाईल, असं मलाही वाटलं.

"चूक माझी आहे, मास्तर," येसाजी म्हणाला. "काम दिलं आणि अवजार दिलं नाही. या डबड्यावर तुम्ही एवढं केलंत, तर चांगल्यावर काय कराल! एकीला नोकरीसाठी सांगून ठेवलं होतं, तिला आज नको म्हणून कळवतो. माझ्याकडे परवा नवीन पेंटियम आलाय, अजून खोकं उघडलं नाही. मंगळवारी गाडीतून तो इकडे पाठवतो. सगळं काम तुमच्याकडेच, दुसऱ्या कुणाच्या हातात मला द्यायचंच नाही."

आतून अक्कांच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही तरी बोलावं म्हणून बघत होते. एखादी अडचण काढावी, वीज कमी पडते म्हणावं, काहीही म्हणावं. मी पेटीवरच्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले.

येसाजी वाकून त्यांच्या पाया पडत होता. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सरी," ते म्हणाले. "पाठव."